टाकीतलं विसण

दिवाळी अंकाचे संपादक माझ्याकडे जाहिरात मागायला आले. मी म्हटलं, जाहिरात देतो, पण लेखही छापायचा. त्यांना वाटलं, मी माझी यशोगाथा लिहिणार. आंबवड्याचा मुलगा कापूरहोळच्या फाट्यावर गॅरेजात पाने पुसत होता, तो आज अॅल्युमिनियम फाउंड्रीचा मालक आहे, असं काहीतरी. ते खरं आहे, पण त्याचं मला आता काही वाटत नाही. मला तक्रार लिहायची आहे. ज्यांच्याबद्दल आहे ते ऐकत नाहीत, घरचे ऐकून कंटाळले आहेत, म्हणून वाचकांना धरून बसवतो आहे. संपादकांना लहान लेख हवा होता, मला मोठा. शेवटी दोघंही थोडे थोडे सरकलो.

आधी धंदा समजून घ्या, नाहीतर तक्रार कळायची नाही.

आमच्या भागात अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. त्यामुळे मी जर्मन वितळवून ओततो, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं आहे. लग्नात भेटणारा प्रत्येक जण सांगतो, आमच्या माळ्यावर जुनी भांडी पडली आहेत, घेऊन येऊ का. नका आणू. भांड्यातलं अॅल्युमिनियम जवळजवळ निर्भेळ असतं, आणि निर्भेळ अॅल्युमिनियम मऊ असतं. पातेल्याला ते चालतं. पोचा पडला तरी भात शिजतो. यंत्राच्या भागाला चालत नाही. शिवाय ते साच्यात नीट वाहत नाही, कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत गोठतं. त्यात सिलिकॉन मिसळलं की ते पाण्यासारखं पळतं, आणि चिमूटभर मॅग्नेशियम असलं की पुढे भट्टीत भाजून कडक करता येतं. हे सगळं मोजून घातलेल्या धातूच्या विटा बाजारात मिळतात. आम्ही त्याच वापरतो, माळ्यावरचे टोप नव्हे.

हेच सगळं मी हिर्डोशीच्या कोंडीबाला सांगितलं होतं. कोंडीबा माझ्याहून वयानं मोठा. भाताची थोडी खाचरं, नाचणी, बाकी शेळ्या. गावातल्या चार घरांनी मिळून घेतलेल्या पॉवर टिलरच्या हँडलखालचा तुकडा मोडला होता, तो घेऊन तो माझ्याकडे आला, आणि सोबत पोतंभर जर्मनची भांडी. त्याचं म्हणणं, धातू माझा, तुम्ही फक्त मजुरी घ्या. मी नाही म्हटलं. तो दारात बसून राहिला. चहा आला की प्यायचा आणि पुन्हा तेच. मी आयुष्यभर घासाघीस करून जगलो आहे, व्यापाऱ्यांना घाम फोडला आहे, पण या माणसापुढे मी थकलो. दिला ओतून. पहिल्याच चिखलणीत तुकडा वाकला. तो वाकडा तुकडा माझ्या टेबलावर ठेवून कोंडीबा शांतपणे म्हणाला,

“जर्मन माजं व्हतं, आण्णा. वाकाय लागलं ते तुमच्या हितं आल्यावं.”

मी भडकलो, पण नवा तुकडा योग्य धातूत ओतला, भाजला, आणि दिला. आणि म्हटलं, एवढं भांडता येतंय तर इथंच कामाला या, दुसऱ्याकडं जाऊन भांडलात तर माझं नाव खराब होईल. तो आला. तेव्हापासून भाजायची भट्टी कोंडीबाच बघतो.

ही भाजायची भट्टी म्हणजे वितळवायची नव्हे. पाहुणे फाउंड्री बघायला येतात, लालभडक भट्टी आणि चमच्यातून ओतलेला चकचकीत रस बघतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना वाटतं भाग तयार झाला. साच्यातून निघालेला भाग म्हणजे निम्मंच काम. मॅग्नेशियम आत असतं, पण ढेकळासारखं कुठंही गोळा झालेलं असतं, त्याचा उपयोग नसतो. मग तो भाग दुसऱ्या भट्टीत ठेवायचा, वितळणार नाही पण वितळण्याच्या जवळ जाईल इतका तापवायचा आणि कित्येक तास तसाच ठेवायचा. साखर गरम पाण्यात विरघळते तसं सगळं आतल्या आत विरघळतं. मग भट्टीचं दार उघडून जाळी क्षणात पाण्याच्या टाकीत सोडायची. उशीर केला तर विरघळलेलं पुन्हा गोळा होतं. पाण्यात पडलं की जिथल्या तिथं अडकतं. त्यानंतर पुन्हा हलक्या आचेवर ठेवायचं, म्हणजे अडकलेलं ते सगळं बारीक रवा धरतं, आणि हा रवा धातूला आतून आवळून धरतो. तोच भाग, तोच धातू, पण आधी हातोड्यानं वाकला असता, तो आता हातोडा परत फेकतो.

एवढ्यात एक अडचण आहे. पाणी गार असेल तर भागाची पातळ भिंत लगेच आकसते आणि जाड बूड अजून गरमच असतं. दोघं एकमेकांना ओढतात. सगळ्यात जास्त ओढ आतल्या कोपऱ्यात बसते, आणि तिथं केसासारखी भेग पडते. म्हणून टाकीतलं पाणी कढत ठेवावं लागतं. उकळतं नको, नाहीतर भाग मऊ राहतो. हात बुडवला तर ओरडाल, पण गार पाण्याचं विसण घातलं तर आंघोळ होईल, इतकं. कोंडीबालाही मी असंच समजावलं होतं. ही उपमा मला फार महागात पडली आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता सबनीस साहेब. ते एका मोठ्या कंपनीत खरेदीचं काम बघतात. कंपनीचं नाव संपादकांनी छापायला नकार दिला. ही कंपनी ट्रकचे सुटे भाग बनवते, आणि ट्रकच्या ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर ज्या ब्रॅकेटवर बसतो, तो ब्रॅकेट मी ओतायचो. दिसायला काही नाही, वाकड्या खुर्चीसारखा तुकडा. पण भरलेला ट्रक वरंध्याचा घाट उतरत असताना तो मोडला तर पुढचं मला लिहायला नको.

या ब्रॅकेटचा साचा बिडाचा, एकट्या माणसाला हलणार नाही इतका जड. त्याला डाय म्हणतात. डाय कंपनीची असते, आपल्याकडे नुसती नांदते. तिला तापवायची आपण, लेप द्यायचा आपण, रात्रंदिवस जपायची आपण, आणि कंपनीच्या मनात आलं की टेम्पो येतो आणि ती जाते. माझी निम्मी फाउंड्री त्या एका डायवर चालत होती. ती गेली असती तर निम्म्या लोकांना मला घरी बसवावं लागलं असतं. हे साहेबांना माहीत होतं. दर वेळी भाव ठरवताना ते हळूच डायची चौकशी करायचे. “डाय काय म्हणतेय?” असं, सासरी दिलेल्या मुलीची करावी तशी. मी समजून जायचो आणि खाली यायचो.

एका हिवाळ्यात ब्रॅकेटला भेगा येऊ लागल्या.

भेग डोळ्यांना दिसत नाही. भागावर लाल रंग फवारायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पूड मारायची. भेगेत शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्यात वर येतो. साहेबांनी मला पुण्याला बोलावलं आणि टेबलावर माझे ब्रॅकेट मांडून ठेवले. पांढऱ्या भागावर आतल्या कोपऱ्यात बारीक लाल रेघ. काहींना होती, काहींना अजिबात नव्हती. एकाच पेटीतले भाग. साहेब म्हणाले, कारण शोधा, पुराव्यासकट सांगा, नाहीतर डाय उचलावी लागेल. आणि तोपर्यंत एकही ब्रॅकेट पाठवू नका.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा. विटांच्या व्यापाऱ्याला मी फोनवर इतकं बोललो की त्यानं माझा नंबर उचलणं बंद केलं. त्याच्या विटा तपासल्या, चांगल्या निघाल्या. मग धातूत ओल शिरत असेल असं वाटलं. वितळलेलं अॅल्युमिनियम ओल पितं आणि गोठताना तिचे बुडबुडे आत ठेवतं, आमच्या पावसाच्या भागात हे दुखणं कायमचं. पण हे थंडीचे दिवस, सगळं कोरडं. भट्टीवाला बोलावला, त्यानं उष्णता मोजली, बरोबर निघाली. टाकीच्या पाण्याचा काटा मी रोज सकाळी गेल्या गेल्या स्वतः बघायचो. तोही बरोबर. मी सगळ्यांवर ओरडून घेतलं आणि ओरडायला माणूस उरला नाही.

अशात एका संध्याकाळी कापूरहोळला चहा घेत उभा होतो. भोरची एसटी थांबली आणि कंडक्टर खाली उतरला. हा कंडक्टर मला ओळखायचा, कारण आमची भांडणं झाली होती. माझे लोक सुटीनंतर याच्या गाडीनं भोरला जातात आणि तिथून आपापल्या गावाच्या गाड्या धरतात. डायला द्यायच्या लेपात काजळी असते, ती अंगाला, केसाला बसते. सीटला काळं लागतं म्हणून हा त्यांना उभं करायचा. बायका पदर ओढून बाजूला सरकायच्या. एकदा यानं मला भर फाट्यावर ऐकवलं होतं, आणि मीही दुसऱ्या दिवशी लोकांना ऐकवलं होतं की जरा स्वच्छ होऊन गाडीत बसत जा, माझी लाज काढू नका. त्या दिवशी मात्र तो हसत आला.

“शेट, तुमची मानसं सुधारली की. आता सीटवर बसत्यात. गाडीत शिरली की साबनाचा वास येतुया.”

मला बरं वाटलं. निदान एक काम तरी माझ्या ओरडण्यानं झालं. चहाचा दुसरा घोट घेतला आणि तो तसाच तोंडात राहिला. माझ्या फाउंड्रीत न्हाणीघर नाही. बोअरचं पाणी आहे, ते या दिवसांत बर्फासारखं. संध्याकाळच्या गारठ्यात साबण लावून आंघोळ करायला यांना कढत पाणी देतंय कोण?

दुसऱ्या दिवशी मी सुटीच्या वेळेआधी गुपचूप गेलो. भट्टीमागच्या मोकळ्या जागेत दगड मांडलेले. दिवसपाळीचे लोक ओळीनं उकिडवे बसलेले, अंगाला फेस. मधे कोंडीबा, हातात जर्मनचं पातेलं. हो, त्याच पोत्यातलं, पहिला तुकडा ओतून उरलेलं. टाकीतून पातेलं भरून बादलीत, बादलीत बोअरचं विसण, आणि मग अंगावर. आणि पलीकडून एक जण पाइप लावून टाकी गार पाण्यानं भरतोय.

मी विचारलं, हे काय चाललंय.

“आंगुळ,” कोंडीबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत साबण होता, त्यानं नीट बघितलंही नाही.

“आणि टाकीत गार पाणी कशाला सोडलंय?”

“तुमीच म्हनला व्हता, पानी रेघंच्या खाली गेलं न्हाई पायजे. आमी रोज रेघंपतुर भरतो. एक दिस चुकलो न्हाई.”

ते खरं होतं. टाकीवर लाल रेघ मीच मारली होती. ती चुकली तर मी फाडून खायचो.

तेवढ्यात सगळं उलगडलं. दिवसाचा पहिला घाणा, म्हणजे भट्टीत एका वेळी भरलेला माल, दुपारआधी कढत पाण्यात पडायचा, तो चांगला. दुपारी भट्टीत भरलेला घाणा मात्र नवी पाळी आली की बाहेर निघायचा आणि नुकत्याच गार केलेल्या टाकीत पडायचा, त्याला भेगा. त्या तापलेल्या मालानं आणि टाकीतल्या हीटरनं पाणी पुन्हा कढत व्हायचं, म्हणून सकाळी मला काटा बरोबर दिसायचा. दोन्ही घाणे एकाच पेटीत मिसळायचे. आणि उन्हाळ्यात कोणालाच कढत पाणी लागत नव्हतं, म्हणून हे फक्त थंडीत. बादलीत विसण घातलं असतं तर माझी काही हरकत नव्हती. यांनी आख्ख्या टाकीत घातलं होतं.

मी जे बोललो ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही. कोंडीबानं ते पूर्ण ऐकून घेतलं, अंगावर शेवटचं पातेलं ओतलं, आणि म्हणाला,

“मालाला गरम पानी आन मानसाला गार, आसं कुटं आसतं का, आण्णा?”

मी जाऊन पाइपची तोटी बंद केली.

मी दोन घाणे मुद्दाम काढले, एक कढत पाण्यात, एक गार. रंग फवारला. गार पाण्यातल्या मालाच्या कोपऱ्यात तीच लाल रेघ. दोन्ही घेऊन पुण्याला गेलो. मला वाटलं, साहेब खूश होतील. कारण सापडलं, पुरावा आहे, उपाय सोपा आहे. साहेबांनी ब्रॅकेट उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, पाणी गार का झालं. मी खरं सांगितलं. माणसं आंघोळ करत होती.

साहेबांनी ब्रॅकेट खाली ठेवले. मग म्हणाले, हे मी वर सांगू शकत नाही. ट्रकच्या ब्रेकचा प्रश्न आहे आणि तुम्ही मला आंघोळ सांगताय. त्यांनी विचारलं, टाकीची जबाबदारी कोणाची. मी म्हटलं, कोंडीबाची.

“मग त्याला काढा,” साहेब म्हणाले. “काढला असं मला लेखी द्या, डाय तुमच्याकडे राहील. वर दाखवायला मला काहीतरी पाहिजे.”

मी धंद्यात भल्याभल्या अटी मान्य केल्या आहेत, आणि दुसऱ्यांच्या गळ्यात त्याहून वाईट मारल्या आहेत. मी बसल्या बसल्या हिशेब केला. एका बाजूला निम्मी फाउंड्री, दुसऱ्या बाजूला एक तोंडाळ माणूस. कोणीही व्यवहारी माणूस कोंडीबाला काढेल. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच, असं मला अजूनही वाटतं. निघालं ते वेगळंच.

“साहेब, त्याला काढला तर उद्या दुसरा येईल. त्यालाही थंडी वाजेल.”

मग मी सौदा सुरू केला. न्हाणीघर बांधतो. भट्टीच्या धुराड्याला गुंडाळून पाइप फिरवतो, फुकट कढत पाणी मिळेल. टाकीला झाकण आणि कुलूप लावतो. दर घाण्याआधी काटा बघितल्याशिवाय दार उघडणार नाही. दोन्ही घाणे वेगवेगळ्या पेटीत. भावातही थोडा खाली येतो, असंही म्हटलं, जे मी आपणहून आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. साहेब ऐकत होते, पण त्यांना न्हाणीघर नको होतं, माणूस हवा होता. निघताना ते म्हणाले, तुमच्याकडे शिस्त नाही. वाईट याचं वाटलं की चूक पकडली मी, सिद्ध केली मी, आणि शिस्त नसलेलाही मीच.

टेम्पो आला तेव्हा डाय चढवायला चेन पुली कोंडीबाच ओढत होता. लोक नुसते उभे होते. सगळ्यांना सगळं माहीत झालं होतं, अशा गोष्टी आमच्याकडे भिंतींतून झिरपतात. डाय अर्ध्यावर लटकत असताना तो थांबला.

“मला काडलं आसतं तर ऱ्हायली आसती का ही?”

“तुमी साखळी वडा,” मी म्हटलं.

त्यानं ओढली.

पुढचे महिने वाईट गेले. कोणाला घरी बसवलं नाही, पण आठवड्यात काही दिवस सुटी द्यावी लागली. मी भोर, शिरवळ, पुण्यापर्यंत फिरून बारीकसारीक कामं गोळा केली. पंपाची झाकणं, शिलाई मशीनच्या कप्प्या, एका मंडळाच्या कमानीची फुलं. भाव पाडून. अजूनही ती जागा पूर्ण भरलेली नाही. न्हाणीघर मात्र त्याच हिवाळ्यात बांधलं. का बांधलं, ते मला विचारू नका, मालाला आता एवढी गरजही नव्हती. धुराड्याला पाइप गुंडाळला, नळ बसवले. पहिल्याच दिवशी कोंडीबानं तक्रार केली की धार बारीक आहे आणि दाराला आतून कडी नाही.

दुसऱ्या थंडीत सबनीस साहेबांचा फोन आला. आवाज गोड. आधी पाऊसपाणी विचारलं. मग म्हणाले, डाय ज्या फाउंड्रीत नेली ती फार मोठी आहे, सगळं नवं, टाकीला आपोआप चालू-बंद होणारा हीटर, रोज सकाळी बघावं तर काटा बरोबर. तरी थंडी सुरू झाल्यापासून त्याच कोपऱ्यात तीच लाल रेघ येते आहे. एखाद्या घाण्याला येते, एखाद्याला नाही.

“तुम्ही शेवटी आणलेल्या कढत पाण्यातल्या मालाला एकही भेग नव्हती. त्यानंतर नेमकं काय केलं तुम्ही?”

“न्हाणीघर बांधलं,” मी म्हटलं.

“मी गंभीरपणे विचारतोय.”

“मीही गंभीरपणेच सांगतोय, साहेब. तिकडं संध्याकाळी जाऊन बघा.”

त्यांनी फोन ठेवला. त्यांना वाटलं, मी जुना राग काढतोय. राग तर होताच, पण सांगितलं ते खरं होतं. मी आयुष्यात भाव ठरवताना शंभर थापा मारल्या, त्या सगळ्या लोकांनी खऱ्या मानल्या. ही एकच गोष्ट जशी घडली तशी सांगितली, तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

डाय अजून तिकडंच आहे. फोन ठेवला तेव्हा कोंडीबा माझ्या टेबलासमोर उभा होता, केस ओले, खांद्यावर टॉवेल, कडी अजून बसवली नाही हे सांगायला आलेला. मी त्याला झालेलं बोलणं सांगितलं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्यानं टॉवेलनं कान पुसले आणि विचारलं,

“तितली मानसं कुटल्या एसटीनं घरी जात्यात?”